भिंगावरील लेख आणि त्याचे प्रामाण्य : येना येथील ‘झोन्नार’ भिंगांच्या निमित्ताने

१. प्रास्ताविक

इ. स. १४४० मध्ये लोरेन्झो व्हाल्ला या इटालियन पंडिताने ‘कॉन्स्टंटाइनचे दानपत्र’ म्हणून प्रसिद्ध असलेला लेख बनावट असल्याचे दाखवून दिले. चौथ्या शतकातील रोमन सम्राटाने पश्चिमेकडील सत्ता पोपच्या स्वाधीन केली, असे या लेखात म्हटले होते. व्हाल्लाने दाखविलेला मुख्य दोष भाषेचा होता. लेखातील लॅटिन त्या शतकाची नव्हती. रोमन दरबारातील अधिकाऱ्यांना ‘क्षत्रप’ म्हणण्याचा प्रघात त्या काळी नसताना तो शब्द लेखात आला होता. लेख जे सांगतो ते खरे की खोटे, हा प्रश्न बाजूस ठेवून, लेख ज्या भाषेत सांगतो ती भाषा त्या काळाची आहे किंवा नाही, असा प्रश्न व्हाल्लाने विचारला. आपल्याकडे स्मृतिकारांना ‘कूटशासन’ या अपराधाची जाणीव होती, आणि ताम्रपटांच्या अभ्यासकांनाही अक्षरवटिका, तिथी व बिरुदे यांच्या विसंगतीवरून बनावट दानपत्रे वेगळी काढावी लागली आहेत.

हीच पद्धती अगदी निराळ्या प्रकारच्या वस्तूंना लागू पडते. जुन्या कॅमेऱ्याच्या भिंगाच्या दर्शनी कड्यावर एक लहानसा लेख कोरलेला असतो. त्यात निर्मात्याचे नाव, गावाचे नाव, भिंगाचे नाव, दोन संख्या, एक अनुक्रमांक आणि क्वचित एखादे सुटे अक्षर एवढाच मजकूर असतो. या लेखाच्या आधाराने भिंगाची किंमत ठरते, संग्रहालयाच्या नोंदवहीत त्याचा काल लिहिला जातो, आणि त्याने घेतलेल्या छायाचित्रांविषयी अनुमाने केली जातात. लेख खोटा असेल तर ही सर्व अनुमाने कोसळतात. प्रस्तुत लेखात जर्मनीतील येना येथील कार्ल त्साइस या संस्थेच्या ‘झोन्नार’ या भिंगाचे उदाहरण घेतले आहे. या भिंगाच्या नावाने बाजारात फिरणाऱ्या वस्तूंत खऱ्या वस्तूंबरोबर बनावट वस्तूंचा भरणा बराच आहे, आणि ही बनावट कशी झाली याचा इतिहास चांगला ज्ञात आहे.

२. परंपरेचा इतिहास

कार्ल त्साइस याने १८४६ मध्ये येना येथे आपली कर्मशाळा सुरू केली. एर्न्स्ट आबे या भौतिकशास्त्रज्ञामुळे तिला शास्त्रीय अधिष्ठान लाभले, आणि ओटो शोट याच्या काचकारखान्यामुळे नव्या गुणधर्मांच्या काचा उपलब्ध झाल्या. पाउल रुडोल्फ याने १८९६ मध्ये ‘प्लानार’ व १९०२ मध्ये ‘टेसार’ ही भिंगे सिद्ध केली. पुढे १९२६ मध्ये ड्रेस्डेन येथे ‘त्साइस इकॉन’ ही कॅमेरे बनविणारी संस्था स्थापन झाली. तेथील लुडविग बेर्टेले (१९००–१९८५) याने झोन्नारची रचना केली, आणि १९३२ मध्ये ‘काँटॅक्स’ कॅमेऱ्याबरोबर ती बाजारात आली. ५ सेंटिमीटर केंद्रांतराच्या या भिंगाचे दोन प्रकार होते : एकाची तेजस्विता १:२ आणि दुसऱ्याची १:१·५.

बेर्टेलेच्या रचनेचे मर्म समजून घेतल्यास पुढील परीक्षेचे कारण ध्यानात येते. काच व हवा यांच्या सीमेवर प्रकाशाचा काही भाग परावर्तित होतो. काचेचा वक्रीभवनांक १·५ असेल तर हे प्रमाण दर पृष्ठास सुमारे ४ टक्के पडते. भिंगात अशी आठ पृष्ठे असली तर शेवटी सुमारे ७२ टक्के प्रकाश पलीकडे जातो. सहा असली तर सुमारे ७८ टक्के. परावर्तित झालेला प्रकाश नुसता वाया जात नाही. तो आतल्या आत इकडेतिकडे फिरून चित्रावर धूसर पटल आणतो. म्हणून बेर्टेलेने घटकभिंगे एकमेकांस चिकटवून त्यांचे तीनच गट केले. १:२ च्या झोन्नारमध्ये सहा घटक तीन गटांत आहेत. १:१·५ मध्ये सात घटक तीन गटांत. १९३५ मध्ये येना येथेच आलेक्झांडर स्माकुला याने काचेवर अत्यंत पातळ लेप चढवून परावर्तन कमी करण्याची पद्धती शोधून काढली. असा लेप असलेल्या भिंगांच्या कड्यावर पुढे तांबड्या रंगात रोमन ‘टी’ हे अक्षर येऊ लागले.

१९४५ मध्ये या परंपरेला फाटे फुटले. एप्रिलमध्ये अमेरिकन सैन्य येना येथे पोहोचले. जूनच्या अखेरीस त्याने अनेक तज्ज्ञांना पश्चिमेकडे हाइडेनहाइम येथे हलविले, आणि जुलैत शहर सोव्हिएट सैन्याच्या ताब्यात गेले. पश्चिमेकडे गेलेल्यांनी १९४६ पासून ओबरकोखेन येथे नवा कारखाना उभा केला. येना येथील यंत्रसामग्रीचा मोठा भाग सोव्हिएट संघाने नुकसानभरपाई म्हणून उचलून नेला. काँटॅक्सची साधने कीव्ह येथील आर्सेनल कारखान्यात गेली आणि तेथे ‘कीव्ह’ हा कॅमेरा तयार होऊ लागला. झोन्नारची रचना मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क येथील कारखान्यात पोहोचली. तेथे प्रथम जर्मन काच वापरून भिंगे बनली. नंतर सोव्हिएट काचेसाठी गणित पुन्हा मांडण्यात आले, आणि १:२ च्या भिंगास ‘ज्युपिटर-८’ व १:१·५ च्या भिंगास ‘ज्युपिटर-३’ अशी नावे मिळाली. ‘झोन्नार’ या नावात सूर्याचा वाचक जर्मन शब्द आहे. सूर्याचे नाव असलेल्या भिंगाने सीमा ओलांडल्यावर गुरूचे नाव घेतले.

पाठचिकित्सेच्या परिभाषेत सांगावयाचे तर मूळ संहिता एक, आणि तिच्यापासून निघालेल्या शाखा तीन : येना, ओबरकोखेन व क्रास्नोगोर्स्क. यांपैकी कोणतीही शाखा खोटी नाही. एका शाखेतील प्रतीवर दुसऱ्या शाखेची पुष्पिका लिहिली गेली म्हणजे खोटेपणा सुरू होतो. बाजारातील बनावट ‘येना झोन्नार’ बहुधा असेच असते : आत ज्युपिटर, बाहेरच्या कड्यावर त्साइसचे नाव.

३. लेखाचे अंतरंगपरीक्षण

प्रथम लिपीचा विचार करू. ज्युपिटरच्या मूळ कड्यावर लेप दर्शविण्यासाठी रशियन लिपीतील ‘पे’ हे अक्षर तांबड्या रंगात असते. वर एक आडवी रेघ व तिला लोंबणाऱ्या दोन उभ्या रेघा असे त्याचे रूप आहे. त्साइसच्या कड्यावर ‘टी’ असतो. त्याला उभी रेघ एकच. दोन्ही चिन्हांचा अर्थ एक, परंतु ती दोन भाषांतील दोन वेगळ्या शब्दांची आद्याक्षरे आहेत. अनुक्रमांकापूर्वीचे चिन्हही असेच बोलके आहे. जर्मन कड्यावर ‘नुमर’ या शब्दाचा संक्षेप ‘एन-आर’ या दोन अक्षरांनी होतो. सोव्हिएट कड्यावर रोमन ‘एन’ व त्याला जोडलेले लहान ‘ओ’ असे संयुक्त चिन्ह येते. विशेष असा की रशियन वर्णमालेत या आकाराचे ‘एन’ हे अक्षरच नाही. लॅटिनमधून घेतलेले हे चिन्ह रशियन लेखनात अक्षर म्हणून न राहता केवळ संकेत म्हणून राहिले आहे. दर्शनी कड्यावर ‘कार्ल त्साइस येना’ असे लिहिलेले असून क्रमांकापूर्वी हे संयुक्त चिन्ह आढळले, तर लेखकाची सवय आणि लेखाचा दावा यांत विसंगती आहे असे समजावे.

केंद्रांतराच्या चिन्हातही भेद दिसतो. युद्धपूर्व त्साइस लेखात ‘एफ’ हे अक्षर लहान वळणाचे असते. सोव्हिएट लेखात ते बहुधा मोठ्या वळणाचे. दशांशासाठी स्वल्पविराम वापरण्याची रीत मात्र जर्मन व रशियन या दोन्ही लेखनपरंपरांत आहे, म्हणून त्यावरून काहीच निष्पन्न होत नाही. दोन शाखांत समान असलेले लक्षण निर्णायक धरू नये, हा पाठचिकित्सेचा नियम येथेही पाळावा लागतो.

बनावट करणारा बहुधा दर्शनी कड्यावर सर्व लक्ष देतो. अंतराचे माप दाखविणारे कडे त्याच्या दृष्टीने गौण असते. तेथे मीटरचे चिन्ह पाहावे. रोमन लहान ‘एम’ला वर दोन गोल कमानी असतात; रशियन लहान ‘एम’ हे मोठ्या अक्षराचेच लहान रूप असून त्याला टोकदार कोन असतात. मुख्य लेख रोमन आणि मापावरील एकच अक्षर रशियन, अशी स्थिती आढळली तर त्या एका अक्षराचे प्रामाण्य संपूर्ण दर्शनी लेखाहून अधिक मानावे. कारण ते लिहिताना कोणाला काही सिद्ध करावयाचे नव्हते.

यावरून बनावट लेखाचे एक सामान्य लक्षण हाती येते. खरा लेख कारखान्याने आपल्या व्यवहारासाठी लिहिलेला असतो. त्याचा वाचक जाणकार आहे असे गृहीत असते, म्हणून तो तुटक व रूक्ष असतो. बनावट लेख गिऱ्हाइकासाठी लिहिलेला असतो, म्हणून तो जरुरीपेक्षा अधिक बोलतो. सोव्हिएट ‘फेड’ व ‘झोर्की’ कॅमेऱ्यांपासून बनविलेल्या खोट्या ‘लायका’ कॅमेऱ्यांवर सोनेरी मुलामा, गरुड, स्वस्तिक, जर्मन आरमाराचे वा वायुदलाचे नाव अशी गर्दी आढळते. दानपत्रातील बिरुदांची अवास्तव लांबण पाहून शिलालेखतज्ज्ञ जसा सावध होतो, तसे येथे सावध व्हावे.

४. लेख आणि वस्तू यांचा मेळ

लेखाची भाषा निर्दोष असली तरी लेख ज्या वस्तूवर आहे तिच्याशी त्याचा मेळ बसला पाहिजे. या परीक्षेस फुटपट्टी, दिवा व थोडे गणित पुरते.

(अ) तेजस्विता व व्यास. ‘१:१·५, ५ सेंटिमीटर’ असा लेख असेल तर प्रकाश आत येण्याच्या मार्गाचा व्यास ५० भागिले १·५, म्हणजे सुमारे ३३ मिलिमीटर असला पाहिजे. ‘१:२’ असेल तर २५ मिलिमीटर. पुढच्या काचेचा उघडा व्यास याहून कमी असणे शक्य नाही. १:२ च्या भिंगावर १:१·५ चे कडे चढविले असेल तर हा दोष मोजमापाने तत्काळ उघड होतो.

(आ) प्रतिबिंबांची गणना. अंधाऱ्या खोलीत भिंगासमोर एकच लहान दिवा धरून काचेत दिसणारी प्रतिबिंबे मोजावीत. काच व हवा यांच्या प्रत्येक सीमेपासून एक ठळक प्रतिबिंब मिळते. चिकटविलेल्या पृष्ठापासून मिळणारे प्रतिबिंब अगदी फिके असते. टेसारमध्ये चार घटक तीन गटांत असल्याने सहा ठळक व एक फिके प्रतिबिंब असते. १:२ च्या झोन्नारमध्ये सहा ठळक व तीन फिकी, तर १:१·५ मध्ये सहा ठळक व चार फिकी असतात. प्लानारच्या कुळातील सहा घटक व चार गट यांच्या भिंगात ठळक प्रतिबिंबे आठ होतात. झोन्नारचे नाव दुसऱ्याच रचनेच्या भिंगावर कोरले असेल तर ते या परीक्षेत सापडते. परंतु झोन्नार व ज्युपिटर यांत ही परीक्षा भेद करू शकत नाही, कारण दोहोंची रचना एकाच कुळातील आहे. रचना सारखी असल्याचे दाखवून नाव खरे ठरविण्याचा विक्रेत्याचा युक्तिवाद म्हणून ग्राह्य नाही.

एर्न्स्ट लाइट्स या वेट्झलार येथील संस्थेच्या ‘एल्मार’ भिंगाची गोष्ट या बाबतीत सोपी आहे. एल्मार व सोव्हिएट ‘इंदुस्तार-२२’ या दोहोंत चार घटक तीन गटांत आहेत आणि बाह्य रूपही सारखे आहे. मात्र एल्मारमध्ये छिद्रपडदा पहिल्या घटकामागे, तर इंदुस्तारमध्ये दुसऱ्या घटकामागे आहे. पडद्याच्या पात्यांपुढे काच एक आहे की दोन, एवढे पाहिले की कड्यावरील नाव वाचण्याचीही गरज उरत नाही.

(इ) बैठक. ही परीक्षा सर्वांत महत्त्वाची आहे. काँटॅक्स कॅमेऱ्यात ५ सेंटिमीटरच्या भिंगाला पुढेमागे सरकविणारी योजना कॅमेऱ्याच्या अंगात होती. म्हणून काँटॅक्ससाठी बनलेल्या झोन्नारवर अंतराचे कडे नसते. लायका कॅमेऱ्यात भिंग ३९ मिलिमीटर व्यासाच्या आट्यांनी बसते, आणि सरकविण्याची योजना भिंगातच असावी लागते. बाजारातील बनावट झोन्नार बहुतेक या दुसऱ्या, आट्यांच्या बैठकीचे असतात. कारण झोर्की व फेड कॅमेऱ्यांसाठी ज्युपिटर भिंगे याच बैठकीत मोठ्या संख्येने बनली. त्साइसने युद्धकाळात आट्यांच्या बैठकीचे झोन्नार बनविले होते हे खरे; पण ते थोडे होते. आट्यांची बैठक असलेला झोन्नार समोर आला तर तो खोटाच, असे म्हणता येणार नाही. मात्र तो खरा असल्याचे सिद्ध करण्याचा भार दावा करणाऱ्यावर राहतो.

(ई) धातू व वजन. युद्धपूर्व झोन्नार पितळेचे, म्हणून जड असतात. ज्युपिटर बहुधा ॲल्युमिनियमचे व हलके. परंतु युद्धाच्या उत्तरार्धात व त्यानंतर येना येथेही हलका धातू वापरला गेला. म्हणून वजनाची परीक्षा अनुक्रमांकावरून ठरणाऱ्या कालाशी ताडून पाहिल्याखेरीज उपयोगी नाही.

५. अनुक्रमांक व कालविपर्यास

त्साइसने येना येथे भिंगांना चढत्या क्रमाने क्रमांक दिले. युद्ध संपेपर्यंत ही मालिका तीस लाखांच्या आत होती. त्यापुढील क्रमांक युद्धोत्तर आहेत. कारखान्याच्या निर्मितीनोंदी हार्टमुट थीले यांनी संकलित करून प्रसिद्ध केल्या आहेत, आणि त्यांवरून विशिष्ट क्रमांकाच्या गटात कोणते भिंग बनले याचा पडताळा घेता येतो. सोव्हिएट पद्धती निराळी होती. १९५० नंतरच्या दशकांतील भिंगांवर क्रमांकाचे पहिले दोन अंक बहुधा निर्मितीचे वर्ष दर्शवितात. १९५६ मधील भिंगाचा सात अंकी क्रमांक छप्पन्नने सुरू होतो. हा क्रमांक तसाच ठेवून भोवतालचा मजकूर तेवढा बदलला, तर तो त्साइसच्या मालिकेत छप्पन्न लाखांच्या पलीकडचा वाचला जातो. युद्धकालीन म्हणविणाऱ्या भिंगावर असा क्रमांक असणे अशक्य आहे. क्रमांक बदललेला असला तरी आतील भागांवर मूळ क्रमांक किंवा त्यातील काही अंक ओरखडून लिहिलेले कित्येकदा सापडतात. म्हणून भिंग उघडण्याची संधी मिळाल्यास कुशल कारागिराकडून ते उघडवून पाहावे.

‘टी’ या अक्षराविषयीही कालाचा विचार अवश्य आहे. लेपाची पद्धती १९३५ मधील. त्यापूर्वीच्या क्रमांकाच्या भिंगावर ‘टी’ आढळला तर तो कालविपर्यास होय. उलट, ‘टी’ नसलेल्या जुन्या भिंगावर निळसर किंवा जांभळट झाक दिसली, तर ती बनावट ठरत नाही. जुन्या भिंगांना मागाहून लेप देण्याची सोय होती. पहिल्या प्रकारात लेख वस्तूच्या पुढे धावतो, दुसऱ्यात वस्तू लेखाच्या पुढे जाते. हस्तलिखितात मागाहून झालेली प्रामाणिक दुरुस्ती आणि प्रक्षेप यांत जो फरक, तोच येथे आहे.

६. दुर्बोध पण खरे

शास्त्रशुद्ध परीक्षेत जितकी दक्षता खोटे टाकून देण्याविषयी, तितकीच खरे न टाकण्याविषयी हवी. महाभारताच्या संशोधित आवृत्तीच्या कामात वि. स. सुखटणकर यांनी जी तत्त्वे सांभाळली, त्यांत सोप्या पाठापेक्षा कठीण पाठ अधिक विश्वसनीय मानण्याचे तत्त्व होते. नक्कल करणारा कठिणाचे सोपे करतो. सोप्याचे कठीण सहसा कोणी करीत नाही. भिंगांच्या बाबतीत असे ‘कठीण पाठ’ पुष्कळ आहेत.

क्रास्नोगोर्स्क येथील आरंभीच्या काही भिंगांवर ‘ज्युपिटर’ हे नाव नसून ‘झेड-के’ ही दोनच अक्षरे रशियन लिपीत आहेत. ‘झोन्नार, क्रास्नोगोर्स्कचा’ असा त्यांचा अर्थ लावला जातो. येथे जर्मन नाव रशियन लिपीत व रशियन शब्दाच्या संगतीत दिसते, आणि आतील काच जर्मन असते. अनभिज्ञ माणसास ही विसंगती बनावटीची वाटेल. वस्तुतः परंपरा एका शाखेतून दुसरीत जात असतानाचा तो अस्सल पुरावा आहे.

दुसरे उदाहरण पश्चिमेकडील. ओबरकोखेनच्या आरंभीच्या भिंगांवर ‘त्साइस-ऑप्टॉन’ असे जोडनाव आहे. तिसरे उदाहरण भाषाभ्यासकास विशेष रोचक वाटेल. दोन्ही जर्मनींतील संस्थांमध्ये नावाच्या हक्कावरून अनेक देशांत दीर्घकाळ खटले चालले आणि १९७१ मध्ये लंडन येथे समझोता झाला. या वादामुळे पश्चिमी देशांत जाणाऱ्या येनाच्या भिंगांवर ‘कार्ल त्साइस’ हे नाव गाळून ‘आउस येना’, म्हणजे ‘येनाहून’, एवढेच लिहिले जाई. टेसारचा नुसता ‘टी’ व झोन्नारचा नुसता ‘एस’ होई. विशेषनाम कायद्याने हिरावून घेतल्यावर एका शब्दयोगी पदबंधाने त्याचे काम केले. येथे नामचिन्ह म्हणून आलेला ‘टी’ आणि लेपाचा ‘टी’ यांची गल्लत होऊ नये. एकच अक्षर, पण स्थान व रंग यांवरून त्याचा अर्थ निराळा होतो. १९९० मधील जर्मन एकीकरणानंतर दोन्ही शाखा पुन्हा एकत्र आल्या आणि या लेखनभेदांचा काल संपला. म्हणूनच आज ते कालनिर्णयाचे उत्तम साधन ठरतात.

७. निष्कर्ष

वरील विवेचनाचा सारांश असा. कोणतेही एक लक्षण निर्णायक नाही. लिपी, संक्षेप, क्रमांक, लेप, व्यास, प्रतिबिंबे व बैठक ही प्रमाणे परस्परांपासून स्वतंत्र आहेत. ती सर्व एकाच कालाकडे व एकाच स्थळाकडे बोट दाखवीत असतील तरच लेख प्रमाण मानावा. त्यांत फूट पडली तर जे चिन्ह कोणाला पटविण्यासाठी कोरलेले नाही, त्याला अधिक वजन द्यावे.

खोट्या कड्यामुळे गिऱ्हाइकाचे पैसे जातात, ही हानी उघड आहे. पण तीहून मोठी हानी सहसा मोजली जात नाही. ज्युपिटर हे झोन्नारचे सदोष अनुकरण नव्हे. पराभूत देशातून आणलेले गणित वेगळ्या काचेसाठी नव्याने मांडून सोव्हिएट कामगारांनी व गणितज्ञांनी ते सिद्ध केले, आणि अनेक वर्षे सामान्य माणसाच्या हाती दिले. त्याच्यावर त्साइसचे नाव कोरण्यासाठी प्रथम त्याचे स्वतःचे नाव, कारखान्याचे चिन्ह आणि जन्मवर्ष खरवडून टाकावे लागते. अशा रीतीने बनावटीच्या एका कृतीत दोन लेख भ्रष्ट होतात : एक जो खोटा लिहिला गेला तो, आणि दुसरा जो पुसला गेला तो. पहिला ओळखता येतो. दुसरा बहुधा परत मिळत नाही. म्हणून बनावट सिद्ध झालेले भिंगही संग्रहातून टाकून देऊ नये. नोंदवहीत त्यावरील लेख जसा आहे तसा उतरून घ्यावा, आतील खुणांची नोंद करावी, आणि वस्तू ज्या नावाने जन्मली ते नाव तिला परत द्यावे. संशोधित आवृत्तीत प्रक्षेपही तळटीपेत जपून ठेवले जातात. तोच न्याय येथेही योग्य होय.